मानेओच्या शेतातली नळी

सकाळी सातला ठाण्यातला फोन खणखणला. पलीकडे ठेकेदार मोखेले ओरडत होता. "मे मापुलेंग, फौजदारबाई, नळी फोडली हो! परदेशी मदतीची नळी! मानेओच्या शेतात. कुदळीचे घाव आहेत."

फौजदार मापुलेंग इथल्या रीतीप्रमाणे पांघरलेलं ब्लँकेट आवळून डोंगर चढली. लेसोथोतला ऐन हिवाळा. चिखलाचेही दगड झालेले. डोंगरापल्याडच्या धरणाचं पाणी शेजारच्या देशात जायचं. गावाच्या वाट्याला एक नळ आला होता. परवा मदत देणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी तो उघडला, फोटो काढले. काल नळ कोरडा.

विधवा मानेओची निम्मी जमीन धरणात गेली होती. "तुमची नळी उखडून टाकीन," असं ती साऱ्या गावासमोर बोलली होती. आता शिपायाने तिला बेड्या घातल्या होत्या.

"बोलली होतीस?"

"बोलले. तोंड आहे ना मला!"

"परवा कार्यक्रमाला उशिरा का आलीस?"

"वरचा झरा आटला होता, पाण्याला लांब जावं लागलं. जन्मात कधी आटला नाही तो. दुसऱ्या दिवशी आपोआप वाहायला लागला."

मापुलेंगने फुटलेल्या नळीखाली हात घातला. माती भुसभुशीत, कोरडी. मग तिने मोखेलेच्या फोनवर उद्‍घाटनाचा फोटो पाहिला. पाहुणीबाई हसतेय, ओंजळीतल्या पाण्यावर वाफ.

ती नळीच्या कडेकडेने चालत टेकडीमागे गेली, तिथून धरणाकाठी, मोखेलेच्या विश्रामगृहापर्यंत. परतली तेव्हा दुपार कलली होती.

"बेड्या काढा तिच्या," ती शिपायाला म्हणाली. मग ठेकेदाराकडे वळून, आदराचं 'न्ताते' लावून: "न्ताते मोखेले, भरली नळी या थंडीत फुटली तर काय होतं?"

"पाणी वाहतं."

"आणि गोठतं. इथे बर्फाचा कणही नाही. नळी रिकामीच होती. फोटोतल्या पाण्यावर वाफ आहे. हिवाळ्यात वाफाळतं ते झऱ्याचं पाणी. धरणाच्या पाण्याने बोटं बधिर होतात. आत्ता तुमच्या विश्रामगृहाच्या नळाखाली हात धुऊन आले ना!"

मोखेलेने फोन खिशात टाकला.

"टेकडीमागे शंभर पावलांवर नळी संपते. तोंडाला लाकडी बूच. परवा एका दिवसापुरता तुम्ही झरा त्यात वळवलात. गावासाठी आलेली उरलेली नळी धरणापासून तुमच्या विश्रामगृहापर्यंत गेली. नळ कोरडा का, याला कारण दाखवायला तपासणी यायच्या आत कुणीतरी नळी फोडायला हवी होती. मानेओचं तोंड तुमच्या उपयोगी पडलं. शहरात गीझरचं पाणी घेऊन घेऊन, न्ताते, झरा ऊन असतो हे विसरलात."

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन. "गारठ्याने फुटली असं लिहा. बाई सुटेल. मोखेलेचं नाव आलं तर मदत थांबेल, खालच्या तीन गावांचे नळ अडकतील."

"साहेब, गारठ्याला कुदळ कुणी दिली?"

तिने अहवालात मोखेलेचं नाव लिहिलं.

आठवड्यात मोखेले जामिनावर सुटला. तीन गावांची कामं थांबली. खालच्या गावातली एक बाई चार तास चढून मानेओच्या दारात आली.

"तुझ्यापायी आमचा नळ गेला!"

मानेओने तिला बसायला घोंगडी टाकली. "कुठला नळ गं? आमच्यासारखाच, फोटोतला?"