मागच्या रांगेतलं ‘हाड’

मनुष्यजातीने आजवर जेवढी युद्धे केली, त्याहून अधिक प्रेमे केली. आणि त्यांतल्या एकाही प्रेमाला दुभाष्या लागला नाही. हृदयाची भाषा हृदयाला आपोआप कळते.

बेळगाव याला अपवाद आहे.

श्रावणातली संध्याकाळ होती. खासबागेतल्या एका तरुण मंडळाचा कार्यक्रम. पाऊस असा भुरभुरत होता की छत्री उघडायची लाज वाटावी आणि न उघडावी तर भिजावं. मंचावर येळ्ळूरचा मंथन एकटाच उभा होता, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून. एके काळी हा तिघांचा बँड होता. मग ड्रमवाला स्वरूप नोकरीसाठी बेंगळुरूला गेला, बेसवाला युवराज लग्न करून पुण्याला. मागच्या फलकावर मात्र अजून तिघांचा फोटो होता. त्यातल्या दोघांच्या तोंडांवर मंडळानं एका बेकरीची जाहिरात चिकटवून प्रश्न मिटवला होता.

बँड मोडला त्याच वर्षी मंथनची आई, जयाबाई, गेली. घरात तो आणि वडील उरले. भाताला किती शिट्ट्या काढायच्या हे दोघांनाही माहीत नव्हतं, आणि एकमेकांना काही विचारायची सवयही नव्हती. कुकर शिट्ट्या देत राहायचा, दोघं आपापल्या जागी बसून राहायचे… आई उठेल म्हणून. भात करपला, त्याचं मंथननं गाणं केलं. ते त्यानं अजून कुणाला ऐकवलं नव्हतं. आज ऐकवायचं, निभलं तर अशीच आणखी लिहायची, नाही निभलं तर गिटार माळ्यावर टाकायची, असं त्यानं ठरवलं होतं.

पहिलं कडवं झालं. दुसऱ्याच्या तोंडाशी आईला मारलेली हाक होती. तो थांबला. मैदान गप्प. आणि त्या शांततेत मागच्या रांगेतून एका मुलीचा आवाज खणखणीत आला—

“हाड रं… हाड.”

येळ्ळुरात हा शब्द कुत्र्याला म्हणतात, आणि कुत्रीसुद्धा तो मनाला लावून घेतात. मंथननं वायर उपसली आणि तो खाली उतरला.

मंडपामागे तो केबल गुंडाळत होता, तेवढ्यात ती आली. केसांवर पावसाची बारीक खडीसाखर, हातात दोन्ही चपला, कारण एकीचा अंगठा तुटलेला.

“अवो, मधीच का थांबलासा?”

आवाज ओळखीचा होता. मंथननं मान वर केली. “हाड म्हणणाऱ्या तुमीच न्हवं?”

“व्हय. मीच.” ती जरा लाजली. “लई आवडलं म्हणून.”

“आवडल्यावर हाड म्हणत्यात तुमच्यात?”

“मग काय म्हणायचं?” ती बुचकळ्यात पडली. मग हळूहळू तिचा हात तोंडाकडे गेला. “अगं बाई… अवो, कन्नडात. हाडु. हाडु म्हंजे गा. गा की, असं म्हणालते मी.”

इकडच्या कन्नडात त्या शब्दाचा शेवटचा उकार कुठेतरी वाटेत गळतो, आणि तिनं त्याला मराठी ‘रं’ जोडून उरलीसुरली आशाही संपवली होती.

“तुमास्नी कन्नड येत न्हाय?”

“येतंय की. पर हाड म्हटल्यावर माणूस आधी मराठीतच ऐकतोय.”

“आणि एवढं मोठ्यानं…” मंथन पुढं म्हणाला.

“ते घरचंच. वडगावला आमचे साड्यांचे माग हायत. खटखटाटात वाढल्या माणसाला हळू बोलायचं कोण शिकवणार? मी कानात सांगिटलं तरी गल्लीला कळतंय.” मग ती थांबली. “मी रक्षा.”

तिनं एवढं सांगितलं खरं, पण त्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही. ती त्याच्या ओठांकडे बघत होती. तो काही बोलला की तिची नजर तिथंच येऊन बसायची. मंथनचे कान गरम झाले.

“उरलेलं म्हणा की,” ती म्हणाली. “माझ्यापुरतं.”

“न्हाय. ते गाणं संपलं. आता कुणापुढंच म्हणायचं न्हाय.”

“माझ्यामुळं?”

मंथननं केबलचा गुंता दोनदा सोडवून दोनदा घातला.

“मग आमच्या शेडात या,” रक्षा म्हणाली. “माग चालू असले की कुणालाच काय ऐकू येत न्हाय. पायजे तेवढं वरडा, रडा. कुणाला पत्ता न्हाय लागायचा.”

एखाद्या तरुणाला असं निमंत्रण क्वचितच मिळतं.

आठवडाभर तो गेला नाही. येळ्ळुरात भाताची शिवारं हिरवीगार झाली होती; बांधावर बसून तो त्यांच्याकडे बघायचा. संध्याकाळी घरी यायचा. वडील एका खोलीत, तो दुसऱ्या खोलीत, मधे टीव्ही कुणासाठी तरी चालू. आठव्या दिवशी दुपारी त्यानं गिटार पाठीला लावली आणि वडगावची बस धरली.

शेडात चार माग एकदम धडधडत होते. रक्षाचे वडील यमनाप्पा पलीकडच्या मागावर, दोन चुलते त्यांच्यापुढे, रक्षा जांभळ्या साडीच्या मागावर. कुणी मान वर केली नाही. रक्षानं एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं. मंथन तिथं भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्यानं सुरुवात केली.

स्वतःचा आवाज त्यालाच ऐकू येत नव्हता. गिटारही नाही. बोटांना नुसता तारांचा थरथराट कळत होता. पहिलं कडवं… दुसरं… जिथं तो थांबला होता तिथं आताही आवाज चिरकला, पण मागांनी तो झाकून घेतला. त्यानं गाणं पुरं केलं. चेहरा पुसला. माणसांनी भरलेल्या शेडात एवढं एकटं कुणी आजवर गायलं नसेल, असं त्याला वाटलं. बरंही वाटलं, आणि वाईटही.

मग त्यानं पाहिलं. रक्षाचा माग चालू होता, पण ती पदरानं डोळे टिपत होती.

तो जवळ गेला. तिच्या कानाशी ओरडला, “तुला ऐकू आलं?”

“ऐकू कसं येईल?” तीही ओरडली. “दिसलं. आमी मागावर ओठ बघूनच बोलतोय.” आणि जरा थांबून, “आईला हाक मारतानाचं तोंड… लई लहान पोरागत होतंय तुजं.”

‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, हे त्या खटखटाटात कुणाच्या ध्यानात आलं नाही. मंथन दोन पावलं मागं सरला. तिच्याकडे बघत त्यानं आवाज न काढता सावकाश ओठ हलवले. तीनच शब्द.

रक्षा लाल झाली. जांभळ्या साडीच्या उजेडात ते फार शोभत होतं. तिनंही ओठ हलवून काहीतरी उत्तर दिलं.

“काय?”

तिनं पुन्हा सांगितलं.

“काय?”… त्याला बिचाऱ्याला ओठ वाचता येत नव्हते. शेवटी ती जवळ आली आणि त्याच्या कानात, तिच्या हिशेबानं अगदी हळूच, ओरडली, “मलाबी.”

पलीकडे यमनाप्पांनी आपला माग बंद केला. मग एका चुलत्यानं. मग दुसऱ्यानं. सगळे माग थांबले, आणि शेडात एरवी जी कधी नसते ती शांतता पसरली. ओठ वाचायची विद्या काही एकट्या रक्षाकडे नव्हती, हे मंथनच्या तेव्हा लक्षात आलं. त्याचं गाणं आणि त्यानंतरचे तीन शब्द अख्ख्या शेडानं पाहिले होते.

यमनाप्पा हात पुसत समोर आले. रक्षा मान खाली घालून तुटका धागा शोधू लागली. एकही धागा तुटला नव्हता.

“आई कधी गेली?”

“गेल्या दिवाळीत.”

यमनाप्पांनी बराच वेळ मान हलवली. “माझी गेली तवा मी कुणापाशी बोललोच न्हाय. बोलायला पायजे हुतं.” मग म्हणाले, “चांगलं हाय गाणं. हितं कोपऱ्यात नगं. चार माणसांत म्हण.”

“म्हणतो, आप्पा,” मंथन म्हणाला. आणखी दोन गाणी त्याला त्या क्षणी, उभ्याउभ्या दिसू लागली होती.

“आणि आमच्या पोरीचं…” यमनाप्पांनी रक्षाकडे पाहिलं, मंथनकडे पाहिलं, मग त्याच्या गळ्यातल्या गिटारकडे बराच वेळ पाहिलं. सगळी शेड श्वास धरून.

“हे करंटवर चालतंय न्हवं?”

“व्हय.”

“मग घरचंच काम म्हणून वरचा त्यो पंखा बघ की तेवढा. चार दिस झालं, फिरंना.”