रिकामा पाय

केतकीने ताकद कमी करायला डाव्या इंजिनाचा दांडा मागे ओढला आणि तो आपणहून पुढे सरकला. तिने पुन्हा ओढला, तो पुन्हा पुढे. तिसऱ्या वेळी तिने दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा आभासी उड्डाणकक्षाची मोटर गुरगुरली आणि पडद्यावर शब्द उमटले: 'जमिनीजवळ दांडे वेगळे करू नयेत.'

"अहो, हे मला शिकवतंय!" ती आतूनच ओरडली.

काचेच्या अलीकडे उभ्या असलेल्या श्रीरंग भारंबेला हसू आवरेना. तापीच्या खोऱ्यातल्या त्या माळावर छोट्या दोन-इंजिनी विमानांचे शिक्षणकेंद्र होते. केतकी तिथली मुख्य प्रशिक्षक आणि श्रीरंग अपघातशास्त्राचा संशोधक. तीस वर्षे ती या विमानांतून उडत होती आणि तीस वर्षे तो याच विमानांच्या अपघातांचे अहवाल वाचत होता. असा संसार देवाने वैऱ्यालाही देऊ नये, असे तो म्हणायचा. संध्याकाळी बायको घरी आली की तो आधी तिला नखशिखांत न्याहाळायचा आणि मगच चहा टाकायचा. वैमानिकाची चूक आपणहून सावरणारे 'पाठीराखा' हे यंत्र त्याने जगासाठी बनवले होते हे खरे, पण मनातल्या मनात ते फक्त एका माणसासाठी होते.

यंत्राला शिकवण्याचे काम तन्वीर तडवीचे. ती संगणकाची पंडित, पण विमानाच्या बाबतीत अगदी कोरी. तिने सरळ विचारले, "मॅडम, एक इंजिन बंद पडलं तर दुसरं असतंच ना? म्हणून तर दोन बसवतात."

केतकी कक्षातून बाहेर येऊन खुर्चीत टेकली. "बैलगाडीचा एक बैल मट्कन खाली बसला आणि दुसरा ओढतच राहिला, तर गाडी कुठे जाईल?"

"बसलेल्या बैलाकडे वळेल."

"तसंच हे. इंजिनं पंखांवर आहेत, एक इकडे, एक तिकडे. डावं बंद पडलं की उजवं विमानाला डावीकडे फिरवतं. ते पायाने सावरायचं, सुकाणूचं उजवं पेडल दाबून. पण सुकाणूला वारा लागतो, म्हणजे वेग लागतो. एका ठरावीक वेगाखाली कितीही पाय दाबा, विमान ऐकत नाही. त्याला आम्ही ताबावेग म्हणतो. त्याच्या खाली गेलात की तुमचं चांगलं इंजिनच तुम्हाला उलथं करतं."

"आणि अर्धी ताकद गेली म्हणजे अर्धी चढण उरते असंही नाही," श्रीरंगने भर घातली. "बरीचशी ताकद नुसतं हवेत राहण्यातच खर्च होते. चढायला उरतं ते चिमूटभर. तरी माणूस नाक वर धरून बसतो, वेग घटतो आणि संपतं."

"मग करायचं काय?"

"चांगल्या इंजिनाचीही ताकद काढायची, नाक खाली करायचं आणि समोर जे रान दिसेल त्यात उतरायचं," केतकी म्हणाली. "बोलायला सोपं. हात होत नाही. चालू इंजिन स्वतःच्या हाताने बंद करायचं म्हणजे जिवावर येतं. म्हणून सराव हवा. मी न सांगता दांडा ओढते आणि विचारते, कोणता पाय रिकामा? विमान सरळ ठेवायला उजवा पाय राबत असेल तर डावा रिकामा. ज्या बाजूचा पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन मेलं. तबकड्या बघत बसायला वेळ नसतो."

"आणि याच सरावात माणसं मरतात," श्रीरंग म्हणाला. आता त्याच्या आवाजात हसू नव्हते. "माझ्या संग्रहात खऱ्या बिघाडापेक्षा सरावाचेच बळी जास्त आहेत. प्रशिक्षकाने दांडा ओढला, शिकाऊ दचकला, त्याने चुकीचा पाय दाबला. जुन्या छोट्या विमानांत नोंदयंत्र नसायचं. सांगाड्यात एवढंच सापडायचं की एक दांडा पुढे आणि एक मागे. पाठीराख्याने ते सगळे अहवाल वाचले आणि त्याला एकच खूण दिसली. दांडे जमिनीजवळ वेगळे झाले की माणूस मरतो. म्हणून तो ते वेगळे होऊच देत नाही."

"त्याने पडलेल्यांचेच अहवाल वाचलेत," केतकी म्हणाली. "जे शेतात उतरले, विमानाला ओरखडा नाही, पायी चालत घरी आले, त्यांचं काय?"

"अपघात झालाच नाही, तर अपघाताचा अहवाल कसा असेल?" आपण फार मुद्द्याचे बोललो असे श्रीरंगला वाटले.

पाठीराख्याची चाचणी होईपर्यंत इंजिन बंद करण्याचा सराव थांबवावा, असे त्याने केंद्राच्या समितीला पटवून दिले. महिनाभर सरावाचे विमान शेडमध्ये उभे राहिले. केतकी त्याच्याशी बोलायची ती फक्त भाजीत मीठ कमी आहे एवढे सांगायला. शेवटी चाचणीचा दिवस ठरला तेव्हा तिने अट घातली.

"शेजारी तुम्ही बसायचं."

श्रीरंग आयुष्यात कधी छोट्या विमानात बसला नव्हता. त्यांत बसून काय काय होते हे त्याला पाठ होते. नवीन लग्न झाले तेव्हा केतकीने त्याला शिकवण्याचा लाडाने कितीदा तरी हट्ट धरला होता, आणि "माझं काम विमान पडल्यावर सुरू होतं" असे म्हणत त्याने दर वेळी अंग काढून घेतले होते. पण या वेळी नाही म्हणायला तोंड नव्हते. यंत्रावर विश्वास आहे म्हणायचे आणि त्यात बायकोला एकटीला पाठवायचे, हे त्याच्याच्याने झाले नसते.

एक गोष्ट मात्र त्याने गुपचूप केली. पाठीराखा बंद करायची कळ चालकाच्या हाताशी असायला हवी होती. ती त्याने आसनांच्या मागे, सामानाच्या कप्प्यात बसवून घेतली. तीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला तो ओळखून होता. कळ समोर असती तर तिने धावपट्टीवर पोचण्याआधीच ती दाबली असती.

सकाळ स्वच्छ होती. केतकीने विमानाभोवती फिरून सगळे तपासले, टाकीतले इंधन पाहिले, पंख हाताने चाचपले. आत बसताच तिचे बोलणे बदलले. तिच्या विमानात पाऊल ठेवले की विद्यार्थी असो की मंत्री, सगळ्यांना 'तू'. तिथे मान राखायला वेळ नसतो, हा तिचा नियम.

"पट्टा आवळ. पाय पेडलवर ठेवू नकोस. पोटात कालवलं तर समोर क्षितिजाकडे बघ."

पहिली फेरी छान झाली. दुसरीही. खाली केळीच्या बागा, काळी राने, मधूनच चमकणारी तापी. श्रीरंगने तिच्याकडे पाहिले. ती गुणगुणत होती. घरी ती कधी गुणगुणत नसे. एवढी वर्षे आपण हिला फक्त परत आलेली पाहिली, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याला वाईट वाटले.

तिसऱ्या वेळी चाकांनी जमीन सोडली, धावपट्टी मागे पडली आणि डावे इंजिन खोकून गप्प झाले.

विमानाचे नाक डावीकडे ओढले गेले. केतकीचा उजवा पाय सणकन खाली गेला. "डावा रिकामा. डावं मेलं," ती मोठ्याने म्हणाली, आणि खात्रीसाठी तिने डावा दांडा मागे घेतला. दांडा पुढे आला.

'जमिनीजवळ दांडे वेगळे करू नयेत.'

श्रीरंगला एकदम उमगले. पाठीराख्याला बिघाड दिसतच नव्हता. इंजिन मेले होते, पण दांडे दोन्ही पुढे होते, अगदी शेजारी शेजारी. त्याच्या लेखी सगळे आलबेल होते.

वेग उतरत होता. डावा पंख खाली झुकू लागला. केतकीने उजवा दांडा, चांगल्या इंजिनाचा, मागे खेचला. तोही पुढे आला. आता ते चांगले इंजिन त्यांना उलथे करणार होते आणि श्रीरंगचे यंत्र त्याला मदत करत होते.

"कळ! कुठे आहे कळ?"

"मागे," तो कसाबसा म्हणाला. वळायला गेला तर पट्ट्याने त्याला जागेवर आवळले. "मागे बसवली... तू बंद करशील म्हणून."

तिने एकदाच त्याच्याकडे पाहिले. त्यात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागले. पंख आणखी झुकला. श्रीरंगच्या डोळ्यांपुढे सगळे अहवाल एकदम उभे राहिले. एक दांडा पुढे, एक मागे. एक पुढे, एक मागे. तीस वर्षे तेच वाचत होता तो.

"दोन्ही!" तो ओरडला. "केतकी, दोन्ही एकदम ओढ! वेगळे नाही केलेस तर तो अडवणार नाही!"

तिने पंजा दोन्ही दांड्यांवर टाकला आणि ते एकत्र मागे आणले. ते मुकाट मागे आले. उजव्या इंजिनाचा जोर गेला, झुकलेला पंख वर आला. तिने नाक खाली घातले. समोर हरभरा काढून झालेले रान होते, त्यापलीकडे बांध. चाके अजून खालीच होती. विमान भेगाळलेल्या काळ्या मातीवर टेकले, दडदडत धावले आणि बांधाच्या थोडे अलीकडे थांबले.

 मग केतकीने हात लांब करून त्याचे डोके आपल्या खांद्यावर ओढले. "रडतोस काय वेड्या? उतरलो की आपण."

बाहेर येऊन ती डाव्या पंखावर चढली. टाकीचे झाकण उघडताच फुस्स करून हवा आत गेली. पंखाखाली इंधनाच्या टाकीला हवा पुरवणारी नळी असते. तिने केसांतला आकडा काढून तीत घातला तेव्हा वाळलेला चिखल आणि एक मेलेला कोळी बाहेर पडला. कुंभारीण माशीने पिलांसाठी कोळी साठवून नळीत खोलवर घर बांधले होते. हवा शिरत नाही म्हणून इंधन उतरत नव्हते.

"महिनाभर विमान उभं ठेवलं की असे भाडेकरू येतात," ती म्हणाली. सराव कोणी थांबवला होता, हे तिने उच्चारले नाही.

विमानातल्या रेडिओवरून तन्वीरचा घाबरा आवाज येत होता. दोघेही सुखरूप आहेत हे ऐकून ती आधी रडली आणि मग कामाला लागली. "सर, पाठीराख्याने आजचं शिकायला हवं. पण इथे माझ्या पडद्यावर त्याने लिहिलंय, 'उड्डाण समाप्त. अपघात नाही.' तो ते वाचणारच नाही."

श्रीरंग उभ्या जागी थबकला. गोष्ट साधी आणि खरी होती. विमानाला ओरखडा नव्हता, माणसांना खरचटले नव्हते. नियमाने हा अपघात नव्हता, म्हणून पाठीराख्याच्या लेखी आजची सकाळ उजाडलीच नव्हती.

त्याने बांधावरचा एक मोठा दगड उचलला आणि पंखाकडे निघाला.

"काय करतोस?"

"पोचा पाडतो. मग अपघात ठरेल. मग तो वाचेल."

"आणि काय वाचेल?" केतकीने शांतपणे विचारले. "अपघात झाला. सांगाड्यात दांडे कसे होते?"

"दोन्ही..." श्रीरंगचा हात हवेतच राहिला. "दोन्ही मागे."

"मग उद्यापासून तो दोन्हीही ओढू देणार नाही."

दगड जड होता. तो हातात धरून श्रीरंग उभा राहिला. आपण पडण्याचा संग्रह केला आणि त्याला उडण्याचे ज्ञान समजलो. नीट उतरलेला माणूस या यंत्रात शिरायला दारच नव्हते. ओरखडा नसेल तर त्याला माणूस दिसत नाही, आणि ओरखडा असेल तर तो बरोबर उलटे शिकतो. असे किती जण कुठल्या कुठल्या रानांत उतरले असतील, कपडे झटकून घरी गेले असतील, जेवले असतील? त्यांचे कुठे काही उरले नव्हते. नाही, उरले होते. त्यांनी ज्यांना शिकवले त्यांच्या पायांत.

त्याने दगड खाली टाकला. मग विमानात शिरून मागच्या कप्प्यात हात घातला आणि आपल्या हाताने बसवलेली ती कळ दाबली. पडदा काळा झाला.

"तन्वीर," तो म्हणाला, "समितीला सांग, सराव उद्यापासून सुरू."

आणि तो केतकीच्या आसनावर, डाव्या बाजूला, जाऊन बसला. पाय पेडलवर ठेवले. 

केतकीने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. मग वळसा घालून ती उजव्या आसनावर आली. दोन्हीकडची पेडले आतून एकमेकांना जोडलेली असतात. तिने आपले डावे पेडल हळूच दाबले, तसे त्याचेही डावे खाली गेले आणि उजवे वर आले.

"डोळे मीट. नाक डावीकडे चाललंय. सरळ ठेव."

त्याने उजवा पाय रेटला. पलीकडून तिचा जोर त्याला तळव्यात जाणवत होता. एवढी वर्षे रोज संध्याकाळी तो तिला नखशिखांत न्याहाळत होता, पण हा जोर त्याला कधी दिसला नव्हता.

"कोणता पाय रिकामा?"

"डावा."

"मग?"

"डावं मेलं. वेग उरला नसेल तर दोन्ही दांडे मागे. नाक खाली. समोरचं रान."

"बरोबर," केतकी म्हणाली. "पण फार वेळ लावलास. पुन्हा."

आणि सराव थांबवणाऱ्या माणसाने डोळे मिटून पाय पुन्हा पेडलवर ठेवले.