त्याचं बोलणं होऊ द्या

धाकटी बहीण तापातून नुकतीच उठली होती. तिला जरा मोकळी हवा मिळावी, म्हणून आम्ही तिघं निघालो. ती, मी आणि माझा नवरा. किनारा त्यानंच कुठून तरी शोधून काढलेला. ना हॉटेल, ना टपरी. नारळीच्या रांगेपर्यंत कच्चा रस्ता, पुढे नुसती पांढरी वाळू आणि कोमट, संथ पाणी. एक म्हातारा कोळी तेवढा पालथ्या होडीला टेकून जाळं सांधत बसला होता. तोंडावर वारा लागत होता, पण झावळ्या वाजत नव्हत्या.

नवरा शाळेत गणित शिकवतो, पण त्याचा घरातला पोरकटपणा विचारू नका. "मेहुणीबाई, पुरा मला!" म्हणत स्वतःच खड्डा खणून आत उकिडवा बसला. आम्ही दोघींनी गळ्यापर्यंत वाळू लोटली. वर फक्त डोकं. पोट दुखेपर्यंत हसलो.

भरती चढायला लागली तशी मी म्हणाले, "अहो, पुरे आता. उठा."

"उठतोय गं... पण खालून कोणीतरी पाय धरलेत."

धाकटी खिदळली. "भाऊजी, नाटकं बास!"

मीही हसले. जो माणूस एरवी रोज खोटं खोटं मरतो, त्याचं खरं कोण मानणार? मग पहिली लाट त्याच्या हनुवटीला लागून गेली आणि त्याचा चेहरा बघून मी वाळूत हात घातले.

नखं तुटेपर्यंत आम्ही उकरत होतो. उकरावी तितकी वाळू परत भरत होती. त्या वाळूला वास येत होता... बंद खोलीत बरेच दिवस कोणी निजून असावं, तसा. मी कोळ्याला हाक मारली. तो जागचा हलला नाही.

"ओढू नका, बाई," तिथूनच म्हणाला. "त्याचं बोलणं होऊ द्या."

तेव्हा मला ऐकू आलं. नवरा मान वाकडी करून, कान वाळूला टेकवून हळूहळू बोलत होता. हेडमास्तरांपुढे बोलावं तसा, अदबीनं.

"हो... आहे ना... इथंच आहे..." मग जरा थांबून, "नाही, निळी नाही, ती मेहुणी. पिवळी... पिवळ्या ड्रेसातली."

पिवळा ड्रेस माझा होता.

वाळू सैल पडली. शेंगेतून दाणा निघावा तसा तो अलगद बाहेर आला आणि माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडला. धाकटीला वाटलं, भीतीनं. तिनं काहीच ऐकलं नव्हतं. कोळी जाळं गुंडाळून निघून गेला, माझ्याकडे न बघता.

त्यावर आमच्यात आजवर एक शब्द झालेला नाही. तो मला तळहातावरच्या फोडासारखं जपतो. सकाळचा चहा हातात आणून देतो. नातेवाईक म्हणतात, नवरा असावा तर असा.

गेल्या आठवड्यात वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला हात वर केला. रोज काढते तो. बोटं पोचेनात. टाचा उंचावल्या, तरी पोचेनात. मी कोणाजवळ काही बोलले नाही.

संध्याकाळी शाळेतून येताना तो एक स्टूल घेऊन आला. फळीखाली ठेवलं, हलवून पाहिलं.

"सध्या एवढं पुरेल," म्हणाला.