तिसऱ्या गोलनंतरचा उजवा हात

सोमवारी सकाळी पहिला पेशंट आला तेव्हा ती अजून कालच्या नऊ गोलांवर चिडलेली होती. गोल तिच्याच टीमने मारले होते, आणि चीड नेमकी त्याचीच होती.

ती एका लहानशा हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. रविवार मात्र फुटबॉलचा, आपल्या टीमचा सामना बघायचा. आधीच्या चार सामन्यांत मिळून ज्यांना एक गोल जमला नव्हता, त्यांनी काल नऊ मारले, समोरच्यांनी शून्य. सामना संपल्यावर टीमचे सगळे चाहते नेहमीसारखे मामांच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात जमले. जुन्या टायरांवर बसून एकेका खेळाडूला दहापैकी मार्क द्यायचे, ही त्यांची वर्षानुवर्षांची पद्धत. वही निवृत्त मास्तरांकडे. एरवी चाराच्या वर न जाणाऱ्या मास्तरांनी काल खिरापत वाटावी तसे नऊ-नऊ मार्क वाटले. ज्या बचावपटूकडे अख्ख्या सामन्यात चेंडू फिरकला नाही त्यालाही आठ मिळाले — उभा छान राहिला म्हणून.

“आपण जिंकलो नाही,” ती म्हणाली. “त्यांनी हरून दाखवलंय.”

मामांनी पान्यावरून नजरही वर केली नाही. शंकासुराला कुणीतरी चहा द्या, एवढंच म्हणाले.

पण तिच्याकडे पुरावा होता. तिसऱ्या गोलनंतर समोरच्या गोलकीपरने उजवा हात एकदाही खांद्याच्या वर नेला नव्हता. उरलेले सहाही गोल त्याच बाजूने गेले. टोपी अशी डोळ्यांवर ओढलेली की चेहरा दिसू नये. हे सगळं तिने आपल्या वहीत मिनिटांसकट टिपून ठेवलं होतं. मास्तर म्हणाले, पोरी, पानात वाढलंय ते जेवावं, स्वयंपाक कुणी केला ते विचारू नये. बाकीचे हसले. तिला हसू आलं नाही. घरी जाऊन तिने स्पर्धा समितीला दोन पानी पत्र लिहिलं — सामना विकला गेला आहे, चौकशी व्हावी — आणि सोमवारी कामावर येताना ते टपालात टाकलं.

आणि आता हा पेशंट. उंच, मान थोडी खाली घालून उभा, उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला. टॉवेल सोडला तर हात पाव फुगावा तसा फुगलेला. बाथरूममध्ये घसरलो, तो म्हणाला. तसंच कागदावर लिहिलंही होतं.

तिने त्याचा हात हलकेच प्लेटवर ठेवला, बोटं एकेक करून सरळ केली. दुखलं असणार, पण त्याने फक्त श्वास रोखला... पडद्यावर चित्र उमटलं. करंगळीच्या खालचं, पंजातलं हाड मोडलं होतं.

तिला लगेच खटकलं. घसरलेला माणूस तळहात टेकतो, आणि मग मनगट जातं. हे हाड जातं बुक्की मारल्यावर.

“कुणाला मारलंत?” तिने विचारलं.

“बाथरूमला,” तो म्हणाला.

तिने कागद परत पाहिला. व्यवसाय — कुलूपदुरुस्ती. लोकांची कुलपं उघडणारा, हात मोडलेला, वर खोटं बोलणारा. तिच्या डोक्यात एक छोटी चोरीची कथा तयारही झाली.

प्रिंट निघेपर्यंत त्याने भिंतीवरच्या टीमच्या फोटोकडे पाहिलं आणि तुम्ही कालच्या मॅचला होतात का, असं तिला विचारलं. झालं. तिने त्याला सगळं सांगितलं — उजवा हात, सहा गोल, टोपी. शेवटी तो फक्त म्हणाला, “पहिल्या पंधरा मिनिटांत त्याने दोन चांगले अडवले होते.”

“विश्वास बसावा म्हणून,” ती म्हणाली.

तो हसला, की ओठ दुखल्यासारखं झालं, तिला कळलं नाही. “हाडं बघून तुम्हाला सगळंच कळतं?”

“खोटं तेवढं कळतं.”

बुधवारी एक्स-रे खोलीतलं जुनं कपाट अडकलं आणि हॉस्पिटलने कुलूपवाल्याला बोलावलं, तर दारात हाच. हात प्लास्टरमध्ये. एका हाताने कसं करणार, तिने विचारलं. दुसरा तुम्ही द्या, तो म्हणाला. मग तिने कुलूप धरलं, त्याने डाव्या हाताने बारीक तार फिरवली, आणि दोघांची डोकी इतकी जवळ आली की ती उगाचच कुलपाच्या भोकात बघत राहिली. त्याच्या शर्टाला तेलाचा आणि लोखंडाचा वास होता.

“असं कुणाचंही उघडता?”

“विचारून,” तो म्हणाला. “आणि बंद असेल तर हळू...”

नंतर तो उगाचच येऊ लागला. एकदा कपाटाला तेल घालायला, एकदा तेल नीट बसलं का बघायला. तिला संशय होताच. बुक्कीचं गूढ सुटलं नव्हतं, आणि फुटबॉलचा विषय निघाला की तो हमखास दुसरीकडे वळायचा. पण ज्या दिवशी तो आला नाही त्या दिवशी तिने दाराकडे किती वेळा पाहिलं, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात समितीचं पत्र आलं. शनिवारी सुनावणी, तक्रारदाराने हजर राहावं.

खोलीत लांब टेबल होतं. पलीकडे समितीचे अध्यक्ष आणि दोन सभासद, अलीकडे समोरच्या टीमचा कॅप्टन. त्याच्या शेजारी, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन, कुलूपवाला बसला होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिच्या हातातली वही एकदम जड झाली.

अध्यक्षांनी तिचं पत्र मोठ्याने वाचलं. “टोपीआड तोंड लपवणारा” हे शब्द आले तेव्हा त्याने टेबलाकडे पाहिलं. मग त्याने सांगितलं, की तिसऱ्या गोलच्या वेळी चेंडू बुक्कीने बाहेर काढायला गेलो आणि मूठ खांबावर बसली. बदली खेळाडू संपले होते. मी गेलो असतो तर दहाच उरले असते, म्हणून उभा राहिलो. कुणाला सांगितलं नाही.

अध्यक्षांनी हॉस्पिटलचा कागद पुढे सरकवला. यात तर बाथरूममध्ये पडल्याचं लिहिलंय, तेही दुसऱ्या दिवशीचं. मग आम्ही कशावर विश्वास ठेवायचा? कॅप्टन खाली बघत होता. बंदी म्हणजे किमान तीन वर्षं, अध्यक्ष म्हणाले, आणि मग तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचंय?

ती उभी राहिली.

“तो एक्स-रे मी काढलाय,” ती म्हणाली. “त्याच वेळी मला कळलं होतं की हे खोटं बोलतायत. पण खोटं कोणतं, ते आत्ता कळलं.”

मग तिने समजावून सांगितलं. घसरून हे हाड मोडत नाही, मूठ आपटूनच मोडतं. सकाळी आठला हाताची सूज जेवढी होती, तेवढी तासा-दोन तासांत चढत नाही, म्हणजे मार आदल्या दिवशीचा. आणि तिसऱ्या गोलनंतर उजवा हात वर गेलाच नाही, हे माझ्याच वहीत मिनिटांसह आहे. मी त्याचा अर्थ उलटा लावला. पत्र मागे घेते. एवढं बोलून ती खाली बसली आणि समोरचं पाणी प्यायली.

समितीने तासाभराने तक्रार निकाली काढली.

तो बाहेर पायऱ्यांवर उभा होता. आभार मानायला थांबला असेल असं तिला वाटलं. तसं नव्हतं.

“कपाट खरंच अडकलं होतं?” त्याने विचारलं.

तिला आधी कळेना. मग कळलं, आणि कान तापले. त्याला वाटत होतं, तिचं बोलणं, हसणं, कुलूप धरणं — सगळं त्याच्याकडून काहीतरी काढून घेण्यासाठी. तो गोलकीपर तुम्ही आहात हे मला माहीतच नव्हतं, ती म्हणाली. माहीत असतं तर पहिल्याच दिवशी भांडले असते. पण तुम्ही तरी का नाही सांगितलं?

“नाचता येईना अंगण वाकडं, असंच म्हणाला असतात,” तो म्हणाला. “लोकांच्या मते नऊ गोल खाल्ल्यावर कुणाचा हात मोडत नाही... फक्त बहाणा सुचतो.”

ती खरंच तसं म्हणाली असती. तो पायऱ्या उतरून गेला.

मग तीन आठवडे तो आला नाही. प्लास्टर त्याने दुसऱ्या दवाखान्यात काढून घेतलं, हे तिला कॅप्टनकडून कळलं. मामांच्या दुकानात तिने सगळं सांगून टाकलं. मास्तर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मामा म्हणाले, चूक समितीपुढे मान्य केलीस, आता ज्याची केलीस त्याच्यापुढे कर.

पुढच्या रविवारी तिची स्वतःची टीम घरच्या मैदानावर खेळत होती. ती मात्र दोन बस बदलून त्याच्या टीमच्या मैदानावर गेली. पाऊस भुरभुरत होता. गोलमध्ये वेगळाच कुणी उभा होता. हा कडेला छपराखाली प्रेक्षकांत, शेजारच्या खुर्चीवर बॅग ठेवून एकटाच बसला होता. तिला पाहून तो उठला नाही.

“आज कुणावर संशय?”

“माझ्यावर,” ती म्हणाली. केसांतून पाणी गालावर येत होतं, तिने पुसलं नाही. “मला तुम्ही आवडता, असा संशय आहे.”

तो खेळाकडे बघत राहिला. “पुरावा?”

“तुम्ही आज खेळणार नाही, हे मला माहीत होतं. तरी आले.”

मैदानात कुणीतरी गोल मारला असावा, कारण आजूबाजूचे सगळे उभे राहिले. ते दोघं सोडून. त्याने उजव्या हाताने, अजून थोडा अवघडत, बॅग उचलून खाली ठेवली.

“भिजतेयस,” तो म्हणाला. “बस ना.”