हाताला बसणारी मूठ

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की ते काय घेणार हे आपल्याला चालीवरून कळतं, असा चाकूवाल्याचा दावा होता. या माणसाने तो पहिल्याच दिवशी खोटा पाडला. सकाळी आला तो दुपार टळेपर्यंत हलला नाही. काचेखालचे सगळे चाकू बाहेर निघाले, आत गेले, पुन्हा बाहेर निघाले. त्याला रानात तंबू ठोकून राहायचं होतं, लाकडं फोडायची होती, खुंट्या तासायच्या होत्या, आणि या सगळ्याला पुरून उरेल असा एकच चाकू हवा होता. मिटणारा नको, सरळ पात्याचा. आणि टिकाऊ. हा शब्द त्याने इतक्यांदा उच्चारला की जेवायची वेळ होईपर्यंत चाकूवाल्याने मनातल्या मनात त्याचं नाव टिकाऊसाहेब ठेवून टाकलं.

टिकाऊसाहेबांनी रान अजून पाहिलं नव्हतं, व्हिडिओ मात्र सगळे पाहिले होते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या कोणाकोणाची मतं त्यांना तोंडपाठ होती. स्टेनलेस दाखवलं तर ते धार धरत नाही म्हणे. साधं पोलाद दाखवलं तर ते गंजतं म्हणे. जाड पातं जड वाटलं, पातळ मोडेलसं वाटलं. चाकूवाल्याने दात आवळून सगळं समजावलं. पातं मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलेलं पाहिजे, अर्ध्यावर संपणारं पातं ठोकाठोकीत मुठीतून निखळतं. पात्याची पाठ चौकोनी हवी, म्हणजे तिच्यावर गारगोटी घासून ठिणगी पाडता येते. आणि गंज चढतो तो तेलाचा हात फिरवायचा कंटाळा करणाऱ्याच्या चाकूला. एवढं बोलून त्याने मागच्या अंगणातून एक ओंडका आणला, त्यावर पातं ठेवलं आणि वरून दांडक्याने ठोकून ओंडका सरळ उभा फाडून दाखवला. पात्याचा टवकाही उडाला नाही.

टिकाऊसाहेबांनी फाटलेल्या ओंडक्याकडे पाहिलं. मग विचारलं, "यात मुठीला दुसरा रंग आहे का?"

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. पण या दुकानात मूठ रंगावरून ठरत नसे. वडिलांपासूनची पद्धत होती. गिऱ्हाइकाच्या हातात ओल्या मातीचा गोळा द्यायचा, चाकू धरतो तसा त्याने तो आवळायचा, आणि त्या ठशाबरहुकूम लाकडाची मूठ कोरायची. ठसा सुकवून फळीवर ठेवून द्यायचा, कारण मूठ खराब झाली तर माणूस पुन्हा येतो. दुकानाची एक भिंत अशा ठशांनी भरलेली होती. वडिलांचा नियम एकच होता, माणूस आहे तोवर त्याचा ठसा मोडायचा नाही. माणूस गेल्याचं घरच्यांनी येऊन सांगितलं की ठसा मागच्या टबात भिजत टाकायचा. विरघळून त्याची माती व्हायची, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ती लागायची. यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

गेल्याच आठवड्यात त्या टबात दादाचा ठसा पडला होता.

दादा म्हणजे चाकूवाल्याचा थोरला भाऊ. तीन वर्षांपूर्वी तो नेहमीसारखा एकटाच रानात राहायला गेला आणि परत आला नाही. तंबू सापडला, दोरीवर वाळत घातलेला सदरा सापडला, चुलीपाशी फोडून रचलेली लाकडं सापडली. तो सापडला नाही, आणि त्याचा चाकूही नाही. तेव्हापासून दुकानामागच्या घरात वहिनी रोज रात्री तीन ताटं घ्यायच्या. तिसरं दादाचं. त्या ताटाचा काठ दादाच्या लहानपणीच वाकलेला होता, खाली ठेवलं की ते बराच वेळ डगडगायचं. दादा जेवायला बसला की आधी त्याच्या काठावर बोट ठेवून ते थांबवायचा. आता थांबवणारं कोणी नव्हतं, त्यामुळे ते आपलं आपण दमेपर्यंत डगडगत राहायचं, आणि दीर-भावजय दोघंही तिकडे न बघता जेवायचे.

चाकूवाला या सगळ्याला विटला होता. दादावर त्याचा जीव होता, पण त्याहून जास्त आता त्याला दादाचा राग यायचा. मेला असशील तर मेला म्हणून कळव तरी, असं तो सहाणेवर पातं घासता घासता पुटपुटायचा. चाळिशीही न गाठलेली बाई दाराकडे कान लावून म्हातारी होत चालली होती. शहरात वहिनींच्या बहिणीने त्यांच्यासाठी शाळेच्या ग्रंथालयात काम पाहून ठेवलं होतं, आणि वहिनी दर वेळी म्हणायच्या, हे आले आणि घरात कोणी नसलं तर? समजावून समजावून त्याच्या नाकी नऊ आले होते. मग एका सकाळी त्या दुकानात आल्या, फळीपुढे उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचा ठसा भिजत घाला आता."

त्या रात्री त्यांनी दोनच ताटं घेतली. चाकूवाल्याने कितीतरी दिवसांनी पोटभर जेवून घेतलं.

दादाचा हात मोठा होता, त्यामुळे गोळाही मोठा होता. त्या मातीतून दोन गोळे निघाले. एक त्याने वहिनींच्या हाती दिला, शहरातल्या नव्या बिऱ्हाडाला स्वयंपाकघरातला एक चाकू आपल्या हातचा असावा म्हणून. दुसरा टिकाऊसाहेबांच्या हाती आला. त्यांनी गोळा आवळला, सोडला, पुन्हा आवळू का म्हणून विचारलं. हात दाखवून अवलक्षण नको म्हणून चाकूवाल्याने तो त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. ठसा मात्र सुरेख उठला होता. चारी बोटं लांबसडक, अंगठा बाजूला. तो फळीवर दादाच्या रिकाम्या जागी ठेवला गेला, कारण जागा तेवढीच होती.

वहिनी शहरात गेल्या. जाताना ट्रंकेत त्यांनी ते वाकड्या काठाचं ताटही टाकलं. चाकूवाल्याने पाहिलं तशा म्हणाल्या, एक जादा ताट घरात लागतंच.  तीन वर्षं अडून बसलेलं माणूस हललं होतं, ताटावरून कशाला अडवायचं.

पहिल्या मुक्कामाहून टिकाऊसाहेब परत आले ते तक्रार घेऊनच. चाकू उत्तम, पण मूठ हाताला चावते. चाकूवाल्याला हे अपेक्षितच होतं. त्याने मूठ हातात घेतली, फळीवरच्या ठशाशी पडताळली. तर्जनीच्या खोबणीत किंचित फरक वाटला खरा. ओल्या हवेत लाकूड फुगलं असेल म्हणून त्याने तिथे कानस मारली, तेल पाजलं आणि साहेबांना वाटेला लावलं.

दुसऱ्या खेपेला ते दारातूनच बोलत आत आले. टिकाऊ म्हणून घेतला होता, टिकाऊ. पातं टिकलं, मूठ कुठे टिकली? आणि चाकू त्यांनी काउंटरवर आपटला.

चाकूवाल्याने तो उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

वापराने मूठ बदलते, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. पण झिजेने लाकूड जातं, येत नाही. इथे तर्जनीची खोबण अर्ध्यावर संपली होती आणि पुढे बोराएवढा उंचवटा वर आला होता. त्याने भिंग लावलं. सांधा नव्हता, डिंक नव्हता, भुसा भरल्याची खूण नव्हती. लाकडाच्या रेषा खालून सरळ उंचवट्यावर चढून पलीकडे उतरल्या होत्या, जणू झाडातच तशा वाढल्या होत्या. अंगठ्याची जागा बाजूची वर सरकली होती, थेट पात्याच्या पाठीवर.

दादाच्या उजव्या तर्जनीचं एक पेर लहानपणीच सहाणेच्या चाकात गेलेलं होतं. त्याच्या मुठी म्हणूनच वेगळ्या करायला लागायच्या. अर्धी खोबण, पुढे थोटक्या बोटाला टेकायला उंचवटा, आणि अंगठा पाठीवर. असल्या मुठी चाकूवाल्याने स्वतःच कोरल्या होत्या.

"तुम्ही हे कोणाकडून करून घेतलंत?" त्याने विचारलं. आवाज चढला होता.

साहेब चिडले. आपण कशाला करून घेऊ? उलट त्यांनाच विचारायचं होतं. चाकू रात्रभर कमरेला म्यानात असतो, आणि सकाळी हात घातला की मूठ कोमट लागते. आत्ताच कोणीतरी ठेवून गेल्यासारखी. आणि दुसरी कटकट वेगळीच. लाकडं फोडायची हौस म्हणून माणसाने चाकू घ्यावा, तर तंबूबाहेर लाकडं आधीच फोडून ठेवलेली. प्रत्येक सकाळी. झोपेत आपणच उठतो की काय म्हणून बायकोने डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं.

चाकूवाल्याने चाकू खाली ठेवला.

"रचलेली असतात का?"

"असतात ना. दोन आडवी, दोन उभी, पुन्हा दोन आडवी. विहिरीच्या कठड्यासारखी. मधे पोकळ. का?"

 दादाचा तंबू शोधायला चाकूवाला स्वतः गेला होता. चुलीपाशी अशीच रचलेली लाकडं त्याने पाहिली होती.

त्याने दोन्ही रिवेट उडवले, मुठीच्या दोन्ही लाकडी फळ्या काढल्या आणि कारखान्यातून आलेली तयार रबरी मूठ पात्याला चढवून दिली. साहेबांनी ती आवळून पाहिली, दोनदा, तीनदा, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. हीच आधी का नाही दिली, असं विचारून ते निघून गेले. चाकूवाल्याला त्यांचा रागसुद्धा आला नाही.

दुकानात त्या दोन फळ्या उरल्या. त्याने त्या जोडून मुठीत धरल्या. त्याच्या बोटांना त्या चावल्या. ऊन तिरपं होऊन काउंटरवर आलं होतं, पण फळ्या पडल्या होत्या त्या कोपऱ्यात ते पोचलं नव्हतं. तरी लाकूड कोमट होतं.

मग त्याला वहिनींच्या हाती दिलेला गोळा आठवला.

त्याने वहिनींना फोन लावला. उगाच घाबरतोय आपण, असं त्याने स्वतःला बजावलं. दर दोन दिवसांनी वहिनींचा फोन येत होता. खोली छान आहे, पुस्तकांत जीव रमतो, मुलं मस्ती करतात. आवाज इतका मोकळा त्याने वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. तो आवाज तसाच राहावा, एवढंच त्याला हवं होतं.

"मीच फोन करणार होते, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "चाकू फार छान झालाय."

मूठ चावत नाही ना, त्याने विचारलं.

"पहिले दोन दिवस चावली. आता नाही."

त्याने घाईने सांगितलं, की लाकूड हलक्या प्रतीचं निघालंय, गिऱ्हाइकांच्या तक्रारी येताहेत. चाकू कागदात गुंडाळून ठेवा, वापरू नका, मी उद्याच येऊन घेऊन जातो.



"नको," वहिनी म्हणाल्या. "राहू दे. मला सवय झालीय त्याची."

"वहिनी, ऐका माझं."

"सकाळी हातात घेतला की कोमट लागतो. बरं वाटतं." त्या हसल्या. "आणि हल्ली मी फार विसरभोळी झालेय. संध्याकाळी शाळेतून येऊन बघते तर भाजी चिरून ठेवलेली असते. सकाळीच चिरून जात असेन."

चाकूवाल्याने काउंटरचा काठ धरला. 

"बसते जेवायला," वहिनी म्हणाल्या. "गार होतंय."

"कोणी आलंय का?"

"नाही. कोण येणार?"

त्यांनी फोन बंद केला नाही, नुसता बाजूला ठेवला असावा. ओट्यावरून भांडं उचलल्याचा आवाज आला. मग फरशीवर एक ताट ठेवल्याचा.

मग दुसरं.

ते डगडगायला लागलं. तो आवाज त्याला पाठ होता. किती वेळ चालतो तेही ठाऊक होतं. तो थांबायची वाट बघत तो कान लावून उभा राहिला.

कोणी काठावर बोट ठेवावं तसं ते मधेच थांबलं.