सात नंबरच्या झाडाच्या शेंगा

सात नंबरच्या तुरीवरच्या अकरा शेंगा गायब होत्या. दुपारचे तीन वाजलेले. काचघराला दोन दारं, मधे एक चिंचोळी खोली. शेंगांचा आकडा जुळेपर्यंत बाहेरचं दार उघडायचं नाही, असा नियम. बसा आता कोंडून.

जैवसुरक्षा अधिकारी अबोली मेश्राम वैतागली होती. ही साधी तूर नव्हती. साध्या तुरीच्या प्रथिनात जो घटक कमी पडतो तो या दाण्यात दुप्पट होता, बाहेरचा जनुक घालून आणलेला. पण प्रकल्प बंद झाला होता आणि चार वाजता सगळी झाडं जाळायची होती.

खोलीत तिच्यासमोर तिघं होती. ही तूर घडवणाऱ्या डॉक्टर भैरवी देशकर, त्यांचा सहायक सौरव आणि अकरा वर्षं रोजंदारीवर पाणी घालणारी बेसा गावची प्रयागबाई.

"प्रयागबाई, कचऱ्याची पिशवी तुमची?"

"माहीच हाय."

"त्यात अकरा शेंगांची टरफलं निघाली."

"पिशवी कालपासून दारापाशी हाय, बाई. कोनंबी टाकली असंन. झडती घेतली ना माही? सापडला का दाना?"

नव्हता सापडला. कोणाकडेच नाही. संचालकांचा फोन आला, "मजूरबाईचं नाव पोलिसांना द्या आणि मोकळ्या व्हा." अबोलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रयागबाई भिंतीला टेकून उभी होती.

"कितीक वेळ ठेवून राहिल्या, मॅडम? काटोलची बस जाईल माझी," सौरव म्हणाला आणि त्यानं बिस्किटाचा पुडा पुढे केला.

"मला नको, संकष्टी आहे," भैरवी म्हणाल्या.

अबोलीनं डबे उघडले. सौरवचा रिकामा. प्रयागबाईच्या डब्यात अर्धी भाकर. भैरवींच्या डब्यात सोलेभात, काठोकाठ. हिरव्या तुरीचे दाणे घातलेला हा भात जानेवारीत नागपुरात घरोघरी शिजतो. तिनं झाकण लावलं.

मग पुन्हा उघडलं.

"डॉक्टर, आज जेवणार कधी?"

"चंद्र पाहून. नऊनंतर."

"मग हा भात कोणासाठी?"

"सौरवसाठी आणला."

"मले तं कोणी विचारलंच नाही," सौरव म्हणाला.

अबोलीनं एक दाणा चिमटीत दाबला. त्याचा लगदा झाला. दुसरा दाबला, तो नखाखाली कडक लागला.

"हा कच्चा आहे. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तुम्ही शेंगा सोलल्या. टरफलं पिशवीत टाकली आणि दाणे थंड भातात मिसळले. पूर्ण भरलेला हिरवा दाणाही नीट वाळवला तर उगवतो, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? भाताचा डबा आणलात, पण उपास काही मोडवला नाही तुमच्याच्यानं."

भैरवी खाली बसल्या. "नऊ वर्षं, अबोली. नऊ वर्षं राबले आणि चार वाजता राख होणार होती. मूठभर तरी वाचवायचे होते."

"आणि प्रयागबाई?"

"दाणे मिळाले नाहीत की सोडतील तिला, असं वाटलं."

अबोलीनं संचालकांना फोन करून खरं नाव सांगितलं आणि बाहेरचं दार उघडलं. भैरवींनी हात जोडले. "प्रयागबाई, माफ करा मला."

"करन मी माफ," प्रयागबाई म्हणाली. "पन उद्या कामावर आली का सारे माह्याच हाताकडं पाहतीन. त्याचं मी काय करू, सांगा?"