दुसऱ्या मशीनवरची फीत

लाइट गेलीय तर जाऊ दे. मेणबत्ती नको. ही गोष्ट अंधारातच सांगायची, आणि मधेच कुणी उठायचं नाही. पाणी प्यायचं असेल त्याने आत्ताच पिऊन घ्यावं.

तर, आपला ऑपरेटर. नाक्यावरच्या बंद टॉकीजमध्ये मशीन चालवायचा तो. तुम्ही त्याला म्हातारपणीच पाहिलंत, काठी टेकत भाजी आणताना. महासंशयी माणूस. दूध घट्ट निघालं तरी दूधवाल्याला विचारणार, आज काय मिसळलंस बाबा? हे सगळं त्याच्याच तोंडून ऐकलंय, आणि तो स्वतःवरसुद्धा विश्वास न ठेवणारा गडी असल्यामुळे माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे.

नोव्हेंबरातला तिसरा शनिवार होता. ऑपरेटर चष्म्याची दांडी बसवून घ्यायला निघाला होता. फाटकातच एक गृहस्थ भेटला. झब्बा, गळ्यात मफलर, हातात पत्र्याच्या गोल चपट्या डब्यांची चवड. जुने सिनेमे गोळा करायचं वेड असलेला माणूस.

"तुम्हीच ना टॉकीजचे ऑपरेटर? एक काउबॉयचा सिनेमा सापडलाय. कुठल्याशा बंद शाळेच्या माळ्यावर धूळ खात पडला होता. जगात दुसरी कॉपी नसावी. आज रात्री तुमच्याच टॉकीजमध्ये, तुमच्याच हातून बघायचाय."

"माझ्याच हातून का?"

"हा शेवटचा लागला तो तुमच्याकडेच. असं ऐकलं."

त्याने सिनेमाचं नाव सांगितलं आणि ऑपरेटरचा चेहरा उतरला. सिनेमा त्याला पक्का आठवत होता. विचित्रच होता तो. घोडे होते, धूळ होती, कमरेला पिस्तुलं होती, पण अख्ख्या सिनेमात एक गोळी सुटत नव्हती. एक घोडेस्वार एका गावात येतो आणि दारोदार जाऊन लोकांना सांगतो, निघा, गाव सोडा. कसलं संकट येतंय ते कुणी सांगत नाही. लोक भांडतात, रडतात, शेवटी एकेक घर रिकामं होतं. मारामारी बघायला आलेलं पब्लिक शिट्ट्या मारून थकलं होतं. आणि त्याच सिनेमाच्या खेळाला केबिनमध्ये आग लागून ऑपरेटरचा थोरला भाऊ गेला होता.

दोघं भाऊ त्या केबिनमध्ये कामाला होते. त्या रात्री धाकटा, म्हणजे आपला ऑपरेटर, पुढच्या सिनेमाचे डबे उतरवून घ्यायला स्टेशनवर गेला होता. थोरला वर एकटा. खाली हॉलमध्ये त्याची बायको दोन मुलींना घेऊन बसलेली. तेव्हाची फीत काडी लावल्यासारखी पेटायची. म्हणून केबिनच्या ज्या झरोक्यांतून चित्र पडद्यावर जायचं त्यांच्यावर लोखंडी झडप असायची. आग लागली की साखळी सोडायची, झडप खाली, म्हणजे जाळ हॉलमध्ये उतरत नाही. चित्र मधेच गेलं. खालच्यांना वाटलं मशीन बिघडलं. डोअरकीपरने दारं उघडली, सगळे कुरकुरत बाहेर पडले. एकालाही साधं खरचटलं नाही. थोरला मात्र पडलेल्या झडपेपाशी, झरोक्याखाली सापडला.

मालकांनी दुसऱ्याच दिवशी काखा वर केल्या. म्हणाले, बिडी ओढता ओढता झोपला असेल, झडप आपोआप पडली. लोकांनी मान डोलावली. वाईट याचं वाटतं की वहिनींनीही मान डोलावली. "आम्हाला खाली बसवून वर झोपला," एवढंच त्या आयुष्यभर म्हणत राहिल्या. नवऱ्याचा फोटो त्यांनी भिंतीवर लावू दिला नाही. ऑपरेटर दिराचं कर्तव्य म्हणून त्यांच्याच घरी राहिला, पोटच्या लेकींसारखं जपून पुतण्यांची लग्नं लावली, पण थोरल्याच्या नावावरचा तो डाग काही त्याला पुसता आला नाही. भाऊ झोपणारा नव्हता, एवढंच त्याला माहीत होतं. पुरावा शून्य.

आता कळलं त्याचा चेहरा का उतरला?

त्यात धाकट्या मालकांनी, म्हणजे त्याच मालकांच्या मुलाने, टॉकीज एका रात्रीसाठी फुकट दिलं म्हणे. ज्या घरातून कधी चहाचा कप सुटला नाही, ते फुकट! ऑपरेटरच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरत होतं. तरीही तो गेला. नाही गेलो तर हे लोक काय करतात ते कळणार कसं, हा त्याचा हिशेब.

संध्याकाळी त्याने केबिन झाडली. दोन मशीनपैकी एकच धड होतं. दुसऱ्याचा दिवा, भिंग, मोटर सगळं भंगारात गेलेलं, नुसता सांगाडा आणि वर-खाली रिळाच्या दोन चकत्या. पूर्वी एक रीळ संपत आलं की दुसऱ्या मशीनवर पुढचं तयार असायचं. चित्राच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की पहिला विचारायचा, "सोडू?" दुसरा म्हणायचा, "घेतलं." हे उत्तर आल्याशिवाय हात काढायचा नाही, असा दोघा भावांचा नियम होता. आता एकाच मशीनवर प्रत्येक रिळानंतर थांबावं लागणार होतं. त्याने गृहस्थाला तसं सांगूनही ठेवलं.

रीळ तपासायला त्याने पहिल्या डब्यातली फीत उलगडली. कोपऱ्यात कंपनीचा ठिपका होता. आणि त्याच्या शेजारी खिळ्याने ओढलेली एक तिरकी रेघ, टोकाला आकड्यासारखी वळलेली.

ती थोरल्याची खूण होती. कंपनीचा ठिपका त्याला कधी पुरायचा नाही, म्हणून तो स्वतःची खूण करायचा. पण थोरल्याने खूण केलेली कॉपी तर जळाली होती! तिच्यावरून नक्कल काढली असेल तर रेघ नुसती छापून आली असती. ऑपरेटरने नख फिरवलं. नख अडकलं. रेघ खरीच कोरलेली होती.

"ही रेघ कुणी मारली?" त्याने खाली जाऊन विचारलं.

"कसली रेघ?" गृहस्थ म्हणाला.

चोर तो, दुसरं काय, असं ऑपरेटरने मनाशी ठरवलं. धाकट्या मालकांनी ही खूण कुठून तरी शोधली, याला शिकवलं आणि आता आपल्याला घाबरवून काहीतरी वदवून घेणार. कशासाठी? ते कळेलच. त्याने केबिनचं दार आतून लावलं, कडी दोनदा तपासली, आणि साडेनऊच्या सुमाराला खेळ सुरू केला.

पहिलं रीळ नीट गेलं. घोडेस्वार लांबून येत होता. धूळ. वारा. खाली रिकाम्या खुर्च्यांमध्ये तो एकटा गृहस्थ बसलेला.

रीळ संपत आलं. कोपऱ्यात ठिपका चमकला. शेजारी ती तिरकी रेघ.

आणि जुन्या सवयीने ऑपरेटरच्या तोंडून निघून गेलं...

"सोडू?"

"घेतलं."

मागून. दुसऱ्या मशीनजवळून.

त्याने गर्रकन वळून पाहिलं. कुणी नाही. सांगाडा तसाच. दाराला कडी तशीच.

मोबाइल लपवलाय मेल्यांनी, तो पुटपुटला. खाली वाकून शोधलं. मशीनच्या पायाशी, फळीवर, खोक्यात. काही नाही. स्वतःचं मशीन त्याने बंद केलं. दिवा विझला. केबिनमध्ये काळोख झाला.

हॉलमध्ये मात्र झाला नाही.

झरोक्यातून त्याला गृहस्थाचा चेहरा दिसत होता. चेहऱ्यावर उजेड हलत होता. पडद्याचा उजेड. गृहस्थ मन लावून बघत होता.

पडद्याकडे बघायची ऑपरेटरला हिंमत झाली नाही. उजेडाचा पट्टा डोक्यावरून जात होता. दुसऱ्या झरोक्यातून. जिथे भिंग नव्हतं... दिवा नव्हता... आवाजही नव्हता. नुसती चकती फिरल्याची कुरकुर.

त्याने दुसरं रीळ लावायला घेतलं. काय करणार? हात दुसरं काही शिकलेच नव्हते. फीत चाकाच्या दात्यांवर बसेना. शेवटी बसली.

चकतीची कुरकुर मंदावली.

मग अगदी कानाशी...

"सोडू?"

ऑपरेटरने रिळाची चकती घट्ट धरली.

"...सोडू?"

आवाज दमलेला होता. हात खूप वेळ वर धरून ठेवलेल्या माणसाचा असावा तसा. ऑपरेटर मला म्हणाला, त्या क्षणी भीती गेली रे. नुसतं वाईट वाटलं. एवढा वेळ हा थांबलाय, आणि मी उत्तर देत नाही.

"घेतलं," तो म्हणाला. "घेतलं, दादा. सोड."

पुढची सगळी रिळं त्याने एकट्याने चालवली. मध्ये थांबत, नीट. परत काही झालं नाही.

खेळ संपल्यावर गृहस्थ जिन्यातच भेटला. खूश होता. "पहिल्या रिळानंतर तुम्ही थांबलाच नाहीत! पण तो मुका भाग मला कळला नाही. घोडेबिडे सोडून एकदम थिएटरच दाखवलंय. लोक उठून बाहेर चाललेत. काउबॉयच्या सिनेमात हे कुठून आलं?"

"खोटं बोलू नका," ऑपरेटर म्हणाला.

"मी कशाला खोटं बोलू?"

ऑपरेटरने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. आयुष्यभर माणसांचे खोटे चेहरे वाचलेला तो माणूस. या चेहऱ्यावर काही लपवलेलं त्याला दिसेना. तो उलटपावली वर गेला, टॉर्च लावली आणि दुसऱ्या मशीनची खालची चकती पाहिली.

संध्याकाळी त्याने स्वतः ती पुसली होती, रिकामी. आता तिच्यावर मुठीत मावेल एवढी फीत गुंडाळलेली होती. कोमट.

घरी वहिनी जाग्याच होत्या. दार उघडताच म्हणाल्या, "आलात का भावजी घोडेवाला बघून? जेवणाचं भान नाही, औषधाचं नाही."

ऑपरेटरने फीत त्यांच्या हातात दिली, भिंग दिलं आणि ट्यूबलाइटकडे बोट केलं.

वहिनींनी फीत उजेडासमोर धरली. वरून काढलेलं चित्र. खुर्च्यांच्या रांगा, उठलेली माणसं, पाठमोरी. वरच्या कडेने काळोख थोडा थोडा खाली येत होता, प्रत्येक चौकटीत जरा जास्त.

"ही झडप," ऑपरेटर म्हणाला.

वहिनी फीत सरकवत राहिल्या. मग थांबल्या. "ही मी आहे."

दारापाशी एक बाई. एक मुलगी कडेवर, एकीचं बोट धरलेलं. सगळे पुढे गेलेले आणि ही मागे वळून खाली वाकलेली.

"धाकटीची चप्पल पडली होती," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "खुर्चीखाली गेली होती. मी परत फिरले. मला काय माहीत वर काय चाललंय..."

त्या फीत सरकवू लागल्या. वाकलेली बाई. पुन्हा वाकलेली बाई. पुन्हा. काळोख अर्ध्यावर आला होता आणि तिथेच थांबला होता. चौकटीमागून चौकटी गेल्या तरी तो केसभर खाली आला नाही. कुणीतरी झडपेची साखळी धरून ठेवल्यासारखा, तिला चप्पल सापडेपर्यंत उजेड राहावा म्हणून. मग बाई उठली, चप्पल हातात, दाराबाहेर गेली.

त्याच्या पुढची चौकट पूर्ण काळी.

वहिनी खुर्चीवर बसल्या. मग रडल्या, लहान पोरीसारख्या, पदर तोंडात धरून.

"चपलेचं मी कुणाला सांगितलं नव्हतं हो, भावजी. मुलींनासुद्धा नाही."

मशीन चित्र फेकतं रे, चित्र काढत नाही. एवढं तर तुम्हालाही कळतं. आणि त्या मशीनला तर डोळाच उरला नव्हता.

गृहस्थाने नंतर ती फीत खूप मागितली. वहिनींनी दिली नाही. अजून त्यांच्याकडेच आहे, उशीखाली. मी पाहिलीय. काळ्या चौकटींच्याही पुढे हातभर फीत आहे, आणि ती अजिबात काळी नाही. कोरी, स्वच्छ आहे. दिव्यासमोर धरली की तिच्यातून नुसता उजेड येतो.